चुना लावण्याचं गणित

माझी भाची अकरावीत आहे. विज्ञान शाखा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे जयपूरला निघालो, तेव्हा तिने चिवड्याच्या डब्याशेजारी रसायनशास्त्राचं पुस्तकही पिशवीत कोंबलं होतं. सुट्टी संपताच चाचणी होती. गाडी सुटली, खिडकीच्या जागेवरून व्हायची ती भांडणं झाली आणि मग पुस्तक उघडलं. ‘१०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट पूर्णपणे तापवल्यास किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळेल?’ असं पहिलंच गणित. पाच मिनिटांत पुस्तक मिटलं.

“मावशी, असल्या गणितांचं पुढे आयुष्यात काय होतं गं?”

मला काही सुचलं नाही. “चाचणीत मार्क मिळतात,” एवढंच म्हणाले. खरं उत्तर तिसऱ्या दिवशी मिळालं, तेही भर बाजारात, एका गवंड्याच्या थापीपाशी.

जयपूरच्या तटबंदीच्या आतल्या जुन्या शहराला तिथले लोक ‘चारदीवारी’ म्हणतात. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये हे शहर वसवलं. आखणीत विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा. सरळ रेषेतले रुंद रस्ते, काटकोनात मिळणारे चौक आणि दोन्ही बाजूंना एकसारख्या दर्शनी भिंती. १८७६ मध्ये इंग्लंडचे युवराज येणार म्हणून सवाई रामसिंगांनी शहराला गेरूचा रंग दिला आणि ‘गुलाबी शहर’ हे नाव कायमचं चिकटलं. २०१९ मध्ये युनेस्कोने चारदीवारीचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. हे सगळं सहलीच्या पुस्तकात असतं. त्यात सहसा नसतं ते असं की, बाजारातल्या ज्या भिंती आपल्याला लाल दगडाच्या वाटतात, त्या बहुतेक तशा नाहीत. आत ओबडधोबड दगडांचं बांधकाम, वर चुन्याचा गिलावा आणि त्यावर रंग. म्हणजे हे शहर दिसायला दगडाचं, पण त्याची कातडी चुन्याची.

त्रिपोलिया बाजारामागच्या एका गल्लीत अशाच एका भिंतीची दुरुस्ती चालली होती. ओलं गोणपाट टांगलेलं, खाली पाण्याखाली ठेवलेल्या चुन्याचं पिंप, आणि एक वयस्क गवंडी नखाएवढा पातळ थर भिंतीवर ओढत होते. आम्ही थांबलो. भाचीला राहवलं नाही. तिने हिंदीत विचारलं, “चाचाजी, एकदम जाड थर का नाही लावत? काम लवकर संपेल.” ते हसले. म्हणाले, जाड लावला तर वरून सुकेल आणि आतून कच्चा राहील. पातळ लावायचा, पाणी मारायचं, थांबायचं, मग दुसरा. आमच्या उस्तादांनी असंच शिकवलं.

“पण का?” हा प्रश्न तिने त्यांना विचारला नाही, पुढे गेल्यावर मला विचारला. त्या ‘का’चं उत्तर तिने गाडीत मिटलेल्या पानावर होतं.

चुन्याचा सगळा प्रवास तीन पायऱ्यांचा आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे कळीचा चुना राहतो. त्यावर पाणी ओतलं की तो खदखदतो, फुटतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर लावला की तो हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भट्टीने जे काढून नेलं, ते भिंत परत मिळवते. दगडापासून निघून दगडापाशीच यायचं.

आता यात वजनं घालू. घाबरू नका, तिसरीतल्या मुलाला येईल एवढीच बेरीज आहे. कॅल्शियमच्या अणूचं वजन ४० धरतात, कार्बनचं १२, ऑक्सिजनचं १६. चुनखडीत एक कॅल्शियम, एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन. ४० अधिक १२ अधिक ४८, म्हणजे बरोबर १००. त्यातून एक कार्बन आणि दोन ऑक्सिजन वायू होऊन गेले, म्हणजे ४४ गेले. उरले ५६. तेव्हा १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो कळीचा चुना हाती येतो आणि ४४ किलो धुराड्यातून आकाशात जातो. जवळजवळ निम्मा दगड हवा होऊन उडतो! या ५६ किलोंना विरताना १८ किलो पाणी लागतं आणि ७४ किलो विरलेला चुना होतो. तो भिंतीवर गेला की ४४ किलो वायू पुन्हा घेतो, १८ किलो पाणी सोडतो आणि १०० किलो दगड होतो. खातं शून्यावर मिटतं. वाण्याच्या वहीतही इतका चोख जमाखर्च क्वचित सापडेल.

या हिशेबाला रसायनशास्त्रात ‘स्टॉइकिओमेट्री’ म्हणतात. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण अर्थ साधा आहे. ग्रीक भाषेतल्या ‘मूलतत्त्व’ आणि ‘माप’ या दोन शब्दांची जोड करून रिश्टर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १७९२ मध्ये हा शब्द घडवला. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीशी किती प्रमाणात जुळते आणि त्यातून काय किती तयार होतं, एवढंच तो सांगतो. खतांचा कारखाना असो, साबणाचा असो, नाहीतर औषधांचा. माल मागवण्यापूर्वी तिथला केमिस्ट हीच बेरीज करतो. फरक एवढाच की त्याच्या बेरजेत चूक झाली तर वजाबाकी लाखांत होते.

यातला खरा कळीचा मुद्दा मात्र वेगळा आहे. (कळीच्या चुन्याबद्दल लिहिताना हा शब्द टाळणं अवघड!) तो समजण्यासाठी चतुर्थीच्या दिवशीच्या स्वयंपाकघरात चला. एका मोदकाच्या पारीला २० ग्रॅम उकड आणि आत २५ ग्रॅम सारण लागतं असं धरा. तुमच्याकडे एक किलो उकड आहे आणि एक किलो सारण. मोदक किती होतील? उकडीच्या ५० पाऱ्या होतात, पण सारण ४० मोदकांनाच पुरतं. चाळिसाव्या मोदकाला काम थांबतं आणि दहा पाऱ्यांची उकड परातीत उरते. मग सासूबाई म्हणतात, उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या करा. रसायनशास्त्रातही अगदी हेच. दोन पदार्थांपैकी जो आधी संपतो, तोच किती माल तयार होणार हे ठरवतो. दुसरा कितीही ढिगाने ओता, उपयोग नाही.

भिंतीवरच्या चुन्याच्या बाबतीत सारण कोणतं? चुना तर पिंपभर आहे. पाणीही आहे. कमी आहे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड.

हॉटेलवर परतल्यावर आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. एक चौरस मीटर भिंत, त्यावर साधारण एक सेंटीमीटर जाडीचा गिलावा. त्यात वाळू-भुकटी वगळून ३.७ किलो विरलेला चुना आहे असं आम्ही सोयीसाठी धरलं. (७४ चा विसावा भाग, म्हणजे बेरजा सोप्या जातात.) त्याला पुरता दगड व्हायला ४४ चा विसावा भाग, म्हणजे २.२ किलो कार्बन डायऑक्साइड हवा. आज हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे सव्वाचारशे भाग असतो. एक घनमीटर हवेत वजनाने जेमतेम पाऊण ग्रॅम. २.२ किलोंसाठी मग हवा किती लागेल? सुमारे २,९०० घनमीटर. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. म्हणजे ताटाएवढं नव्हे, दाराच्या अर्ध्या फळीएवढं भिंतीचं अंग पक्कं व्हायला ८० खोल्यांतली हवा पूर्ण निथळून घ्यायची!

भाचीने आकडा दोनदा तपासला. मग तिच्या लक्षात आलं की जयसिंगांच्या काळात हवेत हा वायू आणखी कमी होता, दहा लाखांत सुमारे २८० भाग. तेव्हाच्या चौरस मीटरला तशा १२० खोल्या लागल्या असत्या.

आता त्या गवंडीचाचांचा पातळ थर आठवा. हवेला आत शिरायला वाट हवी. पातळ थरात ती तळापर्यंत पोचते. जाड थर लावला तर वरची साल आधी दगड होते आणि आतल्या चुन्यापर्यंत हवा पोचायला वर्षं लागतात. वरून टणक, आतून मऊ. अशा भिंतीवर एक पावसाळा गेला की पापुद्रे सुटतात. आणि पाणी मारायचं ते कशाला? तर हा वायू कोरड्या चुन्याशी फारसा बोलत नाही. तो आधी ओलाव्यात विरघळतो आणि मग चुन्याला भेटतो. भिंत पार सुकली की काम थांबतं. पाण्याने गच्च भरली तरी थांबतं, कारण छिद्रंच बुजतात. म्हणून ते ओलं गोणपाट. उस्तादांनी शिकवलेल्या प्रत्येक नियमामागे एक आकडा उभा होता.

चुन्याच्या नव्या गिलाव्याची खोली बरेच दिवस ओलसर का वाटते, तेही या कागदावर निघालं. आपल्या त्या चौरस मीटरभर भिंतीने दगड होता होता स्वतःच ९०० ग्रॅम पाणी सोडलेलं असतं. गवंड्याने शिंपडलेलं पाणी वेगळंच.

जयपूरच्या गवंड्यांनी ही विद्या फार उंचीवर नेली. तिथल्या तुळतुळीत गिलाव्याला ‘आराइश’ म्हणतात. फारसी शब्द, अर्थ सजावट. आपल्या गणपतीपुढची ‘आरास’ त्याच कुळातली. दीर्घकाळ पाण्याखाली मुरवलेला चुना, त्यात दही, संगमरवराची बारीक भुकटी. पातळ पातळ थर, आणि शेवटचा थर ओला असतानाच अकीकाच्या गोट्याने घोटत राहायचं, वर खोबरेलाचा हात फिरवायचा. भिंत आरशासारखी चमकते. यात गंमत अशी की, मकराण्याचा संगमरवर म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, आणि चुना हवेतला वायू पिऊन जे होतो तेही कॅल्शियम कार्बोनेटच. तेव्हा आराइशची भिंत संगमरवरासारखी दिसते ही केवळ हातचलाखी नाही. भुकटी आणि तिला धरून ठेवणारा चुना, दोन्ही शेवटी एकाच पदार्थाचे होतात. आपल्याकडचा जुन्या वाड्यांतला संदला याचाच चुलतभाऊ. लोहगडासारख्या किल्ल्यांवर चुन्याचा घाणा दाखवतात ना, दगडी चाकाचा आणि गोल चराचा, तिथेही हेच चाललेलं असायचं. मुंबईतली चुनाभट्टी तर नावातच सगळं सांगते.

या सगळ्यामागचं वजनाचं कोडं मात्र चारदीवारी उभी राहात होती तेव्हा जगात कुणालाच सुटलेलं नव्हतं. भाजल्यावर दगड हलका का होतो? गेलेलं वजन कुठे जातं? ते सोडवणारा जोसेफ ब्लॅक जन्मला १७२८ मध्ये, म्हणजे जयपूरची पायाभरणी झाल्यानंतरच्या वर्षी. एडिंबरामध्ये वैद्यकी शिकताना त्याने तराजू हाती घेतला आणि भाजण्यापूर्वी, भाजल्यावर, विरवल्यावर अशी प्रत्येक पायरीला वजनं केली. १७५६ मध्ये त्याचा निबंध छापला गेला. चुनखडीत एक हवा कोंडलेली असते, ती भाजल्यावर निघून जाते, आणि तीच हवा आपल्या उच्छ्वासातही असते, हे त्याने दाखवलं. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारून ती दुधाळ करायचा प्रयोग आपण सर्वांनी केलेला आहे. तो दुधाळपणा म्हणजे निवळीत तरंगणारी बारीक चुनखडी. भिंतीत जे वर्षभर चालतं ते परीक्षानळीत मिनिटभरात. ब्लॅकच्या पाठोपाठ लव्हॉज़िए, मग रिश्टर. १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंगांनी हवामहल उभारला तोवर युरोपात वजनाचं रसायनशास्त्र नुकतं कुठे रांगायला लागलं होतं.

जयपूरकरांना मापाचं वेड नव्हतं असं मात्र कुणी समजू नये. याच चारदीवारीत जयसिंगांचं जंतरमंतर आहे आणि तिथल्या सम्राट यंत्राची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. या यंत्राच्या कमानींवरच्या मूळ खुणा चुन्याच्या गिलाव्यावरच कोरलेल्या होत्या. पुढच्या दुरुस्तीत तिथे संगमरवर आला. जयसिंगांच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. अरबी आणि फारसी शिकून त्यांनी युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ नावाने संस्कृतात आणली. आकाशाचा हिशेब सेकंदापर्यंत लावणाऱ्या या मंडळींच्या पायाखालचा चुना मात्र आपला हिशेब मुकाट्याने स्वतःच करत होता. असो.

आता घरच्या उपयोगाचं. ‘चुना लावला’ याचा मराठीत एक दुसराही अर्थ आहे, आणि तोही या गणितातून निघतो. ताजी चुनकळी भट्टीतून आली की तिचं वजन ५६. ती पोत्यात उघडी पडली तर दमट हवेतलं पाणी घेऊन ७४ होते, आणि मग वायू घेऊन पार १०० पर्यंत जाते. विकणाऱ्याचा तराजू खूश! पण विकत घेणाऱ्याच्या पदरात पडते ती नुसती खडूची पूड. ती पुन्हा भाजल्याशिवाय वीटही धरणार नाही आणि भिंतीवर टिकणारही नाही. म्हणून जुने लोक चुना कळीच्या खड्यांच्या रूपात घेत आणि घरी आणून विरवत. विरवून थंड झालेल्या चिमूटभर चुन्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहा. फसफसला नाही तर चुना जिवंत. भरपूर फेस आला तर तो आधीच हवा पिऊन बसला आहे. भिंतीसाठी चुना मुरवायचा तो पाण्याखाली, याचंही कारण हेच: पाण्याचा थर हवेला अडवतो. आजीच्या पानाच्या डबीत कडेला वाळून खडा झालेला चुना कितीही पाणी घातलं तरी पूर्वीसारखा लोण्यागत का होत नाही, हे आता तुम्हीच सांगाल.

विरवताना मात्र आकड्यावर जाऊ नका. एक किलो कळीला हिशेबाने ३२० ग्रॅम पाणी पुरतं. पण विरताना निघणारी उष्णता इतकी असते की तीन-साडेतीन लिटर पाण्याला उकळी आणेल. हिशेबापुरतंच पाणी ओतलं तर त्यातलं बरंचसं वाफ होऊन जाईल आणि चुना अर्धा कोरडाच राहील. म्हणून गवंडी दुप्पट-तिप्पट पाणी घेतात, आणि पाण्यात चुना टाकतात तो हळूहळू, लांब उभं राहून. उडालेला चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा नळी मुलं खेळायला घेतात, दाबतात, आणि ती फुटून थेट डोळ्यात जाते. नेत्रतज्ज्ञांकडे अशी मुलं येत असतात. तसं घडलंच तर चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ डोळ्यात सोडा आणि तडक डॉक्टरांकडे जा.

याच हिशेबाचा आणखी एक पैलू आहे, आणि तो जिवाशी गाठ घालणारा. नवा चुन्याचा गिलावा लवकर सुकावा म्हणून खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची पद्धत पूर्वी होती. विचार चुकीचा नव्हता: ऊब मिळते, शिवाय १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, भिंतीला आयता खाऊ. पण त्या १२ किलोंना पुरतं जळायला ३२ किलो ऑक्सिजन लागतो. दारं-खिडक्या बंद असल्या की तो आधी संपत येतो. मग मोदकाच्या सारणासारखी गत. ३२ ऐवजी १६ किलोच वाट्याला आला तर तयार होतो कार्बन मोनॉक्साइड. ना वास, ना रंग, आणि रक्तातल्या प्राणवायूची जागाच तो बळकावतो. दर हिवाळ्यात उत्तर भारतातल्या वर्तमानपत्रांत बंद खोलीत अंगीठी लावून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही अशा बातम्या येतात. ती शेगडी भिंतीसाठी असो की उबेसाठी, माणसं झोपतात त्या बंद खोलीत तिला जागा नाही.

पुन्हा चारदीवारीत येऊ. गेल्या काही दशकांत देशभरच्या जुन्या इमारतींवर सिमेंटचे हात फिरले आहेत, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यातले पुष्कळसे फिरायला नको होते. सिमेंटला हवेची वाट पाहावी लागत नाही. ते पाण्याशीच संयोग पावून घट्ट होतं, काही तासांत धरतं, कंत्राटदाराचं बिल महिनाअखेरीला निघतं. पण चुन्याची जुनी भिंत श्वास घेते, म्हणजे तिच्यातली ओल छिद्रांतून बाहेर पडते. वर सिमेंटचा घट्ट थर बसला की ओल आतच कोंडते, क्षार साठतात, आणि मागचा मऊ गिलावा कुजल्यासारखा भुसभुशीत होतो. मग एक दिवस सिमेंटची सगळी ढलपी जुन्या कातडीसकट खाली येते. जुन्या चुन्याच्या कामावर चुनाच लावा, हे जुन्या वास्तू जपणारे म्हणतात ते जुन्याच्या हौसेपोटी नाही.

सिमेंटचा हिशेबही भाचीने त्याच कागदाच्या मागच्या बाजूला केला. सिमेंटचा कच्चा माल भाजून जो क्लिंकर होतो त्यात सुमारे ६५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड असतो. म्हणजे एक टन क्लिंकरमागे ६५० किलो. ५६ ला ४४, तर ६५० ला किती? ५१० किलोंच्या आसपास. एवढा कार्बन डायऑक्साइड नुसत्या दगडातून निघतो, भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळा. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांचा चुनखडीचा हिशेबही याच त्रैराशिकावर चालतो. त्यातला काही भाग काँक्रीटही वर्षानुवर्षं हळूहळू परत घेतं, पण घट्टपणामुळे ते काम फार सावकाश होतं.

“म्हणजे चुना चांगला,” भाची म्हणाली. “जेवढा वायू सोडला तेवढा भिंतीने परत घेतला. शून्य.”

मी म्हटलं, “भट्टी कशावर पेटवलीस?”

ती थांबली. मग पुस्तकामागचे उष्णतेचे तक्ते उघडले. १०० किलो शुद्ध चुनखडीचं विघटन करायला निदान १७८ मेगाज्यूल उष्णता लागते. एवढी उष्णता द्यायला साधारण साडेपाच किलो शुद्ध कार्बन जळायला हवा. १२ ला ४४, तर साडेपाचला सुमारे २० किलो. आणि हे सगळी उष्णता दगडातच शिरली तर. प्रत्यक्षात भट्टीच्या भिंती तापतात, धुराड्यातून ऊब निघून जाते, म्हणून इंधन याहून बरंच जास्त लागतं.

“हे वीस किलो भिंत घेत नाही?”

“तिला ४४ पुरतात. तिच्यातला चुनाच तेवढ्यावर संपतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्या गल्लीत गेलो. कालच्या थरावर हात ठेवला तर थंडगार लागला. चाचाजी नुकतेच आले होते, गोणपाटावर पाणी मारत होते. पुढचा थर कधी, असं भाचीने विचारलं. हवा कोरडी आहे, बघू, असं म्हणून त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि कान लावून ऐकलं. मग म्हणाले, आज नाही.